निकट पूर्वेतील अनाथालये आणि परदेशी स्वयंसेवक (१९१५–१९३०)

१

परक्या देशात जाऊन तेथील निराधार मुलांची सेवा करावी, ही प्रेरणा अगदी अलीकडची आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. सुटीचे काही आठवडे एखाद्या गरीब देशातील अनाथाश्रमात घालवून परतणारा विद्यार्थी हा आजच्या सुलभ प्रवासाचे अपत्य होय, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः या प्रथेला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासातील एक फार मोठे प्रकरण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन मुलांच्या निमित्ताने लिहिले गेले. 'नीअर ईस्ट रिलीफ' या अमेरिकन संस्थेने १९१५ ते १९३० या काळात अकरा कोटी डॉलरांहून अधिक निधी व साहित्य जमविले, सुमारे १,३२,००० अनाथ मुलांचा सांभाळ केला, आणि जवळजवळ एक हजार अमेरिकन स्त्रीपुरुषांना या कामासाठी परदेशी पाठविले. त्यांच्याखेरीज डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंड व जर्मनी या देशांतील सेवकही त्याच प्रदेशात काम करीत होते.

या कार्याने असंख्य मुलांचे प्राण वाचले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु भुकेल्या मुलाला अन्न मिळाले येथे अनाथालयाचा इतिहास संपत नाही. मुलाला वाचविल्यानंतर त्याचे नाव, त्याची भाषा आणि त्याची हरवलेली माणसे यांचे काय झाले, आणि या बाबतीत परदेशी स्वयंसेवकाने नेमकी कोणती भूमिका बजावली, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

१९१५ च्या वसंत ऋतूत ऑटोमन सरकारने आपल्या आर्मेनियन प्रजेची हद्दपारी सुरू केली. गावोगावच्या पुरुषांना वेगळे काढून ठार करण्यात आले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांचे तांडे सिरियाच्या वाळवंटाकडे हाकण्यात आले. वाटेत उपासमार, रोगराई आणि कत्तल यांतून जी मुले वाचली, त्यांपैकी काही रस्त्यावर भटकत राहिली, काही तुर्की, कुर्दी व अरब कुटुंबांत गेली — कोणी दयेने ठेवून घेतलेली, कोणी विकत घेतलेली, कोणी पळवून नेलेली. सप्टेंबर १९१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील अमेरिकन राजदूत हेन्री मॉर्गेन्थो यांनी मदतीसाठी आपल्या सरकारला तार केली, आणि त्यातून न्यूयॉर्क येथे एक समिती स्थापन झाली. तिचीच पुढे १९१९ साली अमेरिकन काँग्रेसच्या सनदेने 'नीअर ईस्ट रिलीफ' झाली.

या समितीचे अध्यक्ष जेम्स बार्टन हे 'अमेरिकन बोर्ड' या मिशनसंस्थेचे परराष्ट्रकार्याचे चिटणीस होते. मराठी वाचकाला ही संस्था अपरिचित नाही. १८१३ साली मुंबईस येऊन, पुढे अहमदनगर येथे ठाणे करून 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने ज्यांनी शाळा व छापखाने चालविले, ते मिशनरी याच बोर्डाचे होते. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९–१९०० साली, याच मिशनने आपल्या प्रांतातील निराधार मुलांना आश्रय दिला. अशा प्रकारे खार्पुत वा मराश येथील अनाथालय आणि नगर जिल्ह्यातील दुष्काळी मुलांचे वसतिगृह ही दोन्ही एकाच व्यवस्थेच्या शाखा होत्या. दुष्काळात वा कत्तलीत सापडलेल्या मुलांना एका आवारात गोळा करावे, अक्षरओळख व हातकाम शिकवावे, आणि त्या खर्चासाठी दूरदेशीच्या दात्यांना नियमित वृत्तांत पाठवावा, ही पद्धती तुर्कस्तानात आणि हिंदुस्थानात एकाच वेळी आकाराला येत होती.

३

या अनाथालयांत काम करणाऱ्या परदेशी मंडळींचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग युद्धापूर्वीच त्या प्रदेशात स्थायिक झालेल्यांचा. मरिया याकोबसेन ही डॅनिश परिचारिका १९०७ साली खार्पुतला आली. स्विस परिचारक याकोब क्युन्स्लर १८९९ पासून उर्फा येथे होता. कारेन येप्पे ही डॅनिश शिक्षिका १९०३ साली तेथेच दाखल झाली. या लोकांनी आर्मेनियन भाषा आत्मसात केली होती आणि शेजाऱ्यांची घरे त्यांना नावानिशी ठाऊक होती. हद्दपारीच्या काळात याकोबसेनने डॅनिश भाषेत लिहिलेली रोजनिशी आज त्या घटनांचे एक प्रमुख साधन म्हणून मान्यता पावली आहे, याचे कारणही हेच.

दुसरा वर्ग १९१९ नंतर आलेल्यांचा. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत 'लेव्हायथन' जहाजाने दोनशेहून अधिक कार्यकर्ते एकाच वेळी न्यूयॉर्कहून निघाले. त्यांत डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, यंत्रज्ञ व शेतीचे जाणकार असे नाना प्रकारचे लोक होते. त्यांपैकी बहुतेकांना त्या प्रदेशातील एकही भाषा येत नव्हती. तथापि त्यांचे धैर्य कमी प्रतीचे होते असे म्हणता येणार नाही. मराश येथे १९२० च्या आरंभी लढाई पेटली, फ्रेंच फौजेने माघार घेतली, आणि हजारो आर्मेनियन निर्वासित बर्फातून त्या फौजेच्या मागे चालू लागले. त्या वेळी डॉ. मेबल एलियट ही अमेरिकन स्त्री डॉक्टर त्यांच्याबरोबर पायी गेली. तिने १९२४ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ या अनुभवाची साक्ष देतो.

परंतु या दोन वर्गांखेरीज एक तिसरा वर्ग होता, आणि संख्येने तोच सर्वांत मोठा होता. मुलांना न्हाऊ घालणे, त्यांच्या उवा काढणे, रात्री दचकून उठणाऱ्याला जवळ घेणे ही कामे बहुतांशी आर्मेनियन विधवा करीत. ज्यांची स्वतःची मुले वाटेत मेली अशा त्यांत कित्येक होत्या. मुले त्यांना 'मायरिग' म्हणत. आर्मेनियन भाषेतील 'मायर' आणि मराठीतील 'माय' हे दोन्ही शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज होत. तेव्हा या संबोधनाचा भाव आपल्याला निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वृत्तांतांतील छायाचित्रांत मध्यभागी परदेशी कार्यकर्ता उभा असतो. मायरिग आढळलीच तर कडेला आढळते, आणि तिचे नाव क्वचितच दिलेले असते.

४

अनाथालय हे स्वभावतःच कल्याणकारक असते, असे गृहीत धरून चालणे इतिहासाला धरून होणार नाही. याचे ठळक उदाहरण लेबनानमधील अंतूरा या गावी सापडते. तेथील फ्रेंच पाद्र्यांचे महाविद्यालय युद्धकाळात जमाल पाशाने ताब्यात घेतले व त्यात सुमारे एक हजार मुलांचे अनाथालय उघडले. त्यांतील बहुसंख्य मुले आर्मेनियन होती. त्यांना नवी तुर्की नावे व क्रमांक देण्यात आले. मातृभाषेत बोलणाऱ्यास शिक्षा होत असे. कार्निग पानियान हा त्या मुलांपैकी एक. त्याने उतारवयात लिहिलेल्या आठवणींत ही सर्व हकिगत तपशिलाने आली आहे.

या अनाथालयाची देखरेख काही काळ तुर्की लेखिका हलिदे एदिब हिच्याकडे होती. ही विदुषी पुढे १९३५ साली हिंदुस्थानात आली, दिल्लीच्या जामिया मिल्लियात तिची व्याख्याने झाली, आणि आपल्या देशाविषयी तिने एक ग्रंथही लिहिला. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात अंतूरा येथील मुलांच्या नामांतराविषयी तिने आपली नापसंती नोंदविली आहे. तिच्या हेतूंविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि एक गोष्ट निर्विवाद दिसते. सुसंस्कृत, सुशिक्षित आणि मुलांविषयी कळकळ बाळगणारी व्यक्ती प्रमुखपदी असूनही त्या संस्थेत मुलांची नावे पुसली गेली. संस्थेचे प्रयोजनच तसे ठरले होते, आणि व्यक्तीच्या सद्भावनेने ते बदलले नाही.

१९१८ च्या शरदात तुर्की सत्ता मागे हटली आणि बैरूत येथील अमेरिकन मंडळींनी अंतूराचा ताबा घेतला. तेव्हा प्रथम करावयाचे काम होते ते मुलांना त्यांची पूर्वीची नावे परत देण्याचे. मोठ्या मुलांना ती आठवत होती. लहानग्यांपैकी काहींना आठवत नव्हती.

नाव परत देणे हेही दिसते तितके सोपे नव्हते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये १९१९ साली एक 'तटस्थ गृह' उघडण्यात आले. ज्या मुलाच्या वंशाविषयी वाद असेल, त्याला तेथे ठेवून ते आर्मेनियन की तुर्क याचा निर्णय करावयाचा, अशी योजना होती. आर्मेनियन पक्षाच्या दृष्टीने हे हिरावलेल्या मुलांची सुटका करणे होते. उलट, तुर्क मुलांनाच तेथे आर्मेनियन ठरविले जाते, असा आक्षेप तुर्की पक्षाने घेतला आणि हलिदे एदिबने १९२८ च्या आपल्या ग्रंथात तो मांडला. आठ-दहा वर्षांच्या मुलाला 'तू कोण' असे विचारणाऱ्या प्रौढांना कोणते उत्तर हवे आहे, हे त्या मुलाला पुष्कळदा आधीच कळलेले असे.

५

या पार्श्वभूमीवर अलेप्पो येथील कारेन येप्पेच्या कार्याचे महत्त्व लक्षात येते. राष्ट्रसंघाने आर्मेनियन स्त्रिया व मुले यांच्या सुटकेचे काम १९२१ साली तिच्याकडे सोपविले. शहरातील तिच्या आश्रयगृहात अरब व कुर्दी घरांतून सुटून आलेल्या मुलामुलींची नोंद होत असे. त्या नोंदवह्या आज जिनीव्हा येथील राष्ट्रसंघाच्या दप्तरात आहेत. एकेका नोंदीत क्रमांक, नाव, आईबापांची नावे, मूळ गाव, अंदाजे वय आणि येण्याची तारीख. त्याखाली हद्दपारीपासून सुटकेपर्यंतची हकिगत चारसहा ओळींत. शेजारी लहानसे छायाचित्र. कित्येक मुलींच्या चेहऱ्यावर वाळवंटी टोळ्यांच्या रिवाजाप्रमाणे गोंदलेले दिसते. पुष्कळ नोंदींच्या शेवटी ती व्यक्ती कोठे गेली हेही लिहिलेले आहे: अमक्या शहरी भावाकडे, तमक्या गावी मावशीकडे.

अशा हजाराहून अधिक नोंदी आहेत. वरवर पाहता ही केवळ कारकुनी होय. परंतु तिच्या मुळाशी एक निश्चित विचार आहे. अलेप्पोचे गृह हे मुलाने वाढावयाचे ठिकाण नव्हे, तर त्याच्या माणसांकडे जाण्याच्या वाटेवरील मुक्काम होय, असे तेथे गृहीत धरलेले होते. आर्मेनियन वृत्तपत्रे त्या काळी हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या सूचना छापीत. अशा सूचना आणि नोंदवहीतील नावे यांचा मेळ बसला की एक कुटुंब, मोडकेतोडके का होईना, पुन्हा उभे राही. ज्यांना कोणीच उरले नव्हते, त्यांपैकी काहींसाठी येप्पेने एका बदाऊनी शेखाच्या साहाय्याने अलेप्पोच्या पूर्वेस शेतीच्या वसाहती वसविल्या. १९३५ साली अलेप्पोलाच तिचा अंत झाला.

६

याहून सर्वस्वी निराळे दृश्य आर्मेनियातील अलेक्झांड्रोपोल येथे दिसत होते. या शहराचे नाव १९२४ साली लेनिनाकान झाले; आज ते ग्युम्री म्हणून ओळखले जाते. रशियन सैन्याच्या सोडून दिलेल्या बराकींत नीअर ईस्ट रिलीफने तीन ठाणी वसविली. भरभराटीच्या काळात तेथे पंचवीस हजारांच्या आसपास मुले होती. 'अनाथांचे शहर' हे नाव त्यास सार्थच पडले होते. खुपऱ्यांच्या साथीने हजारो मुलांचे डोळे धोक्यात आले असता, तेथे त्या रोगासाठी स्वतंत्र रुग्णालय चालविण्यात आले. एवढ्या मोठ्या समूहाला दररोज अन्न, वस्त्र व औषध पुरविणे ही व्यवस्थापनाची असामान्य कामगिरी होती.

परंतु पंचवीस हजार मुलांचा खर्च दूरच्या देणग्यांवर चालत असेल, तर त्या देणग्या अखंड येत राहतील अशी तजवीज करणे भाग पडते. तिचा परिणाम मुलांवर झाल्यावाचून राहिला नाही. १९१९ साली निधीसाठी दाखविल्या गेलेल्या एका चित्रपटात अरोरा मार्दिगानियान या कत्तलीतून वाचलेल्या तरुण मुलीलाच स्वतःच्या यातनांचा अभिनय करावा लागला. १९२३ पासून डिसेंबरातील एका रविवारी अमेरिकन कुटुंबांनी अनाथालयातील साधे जेवण घ्यावे व वाचलेले पैसे पाठवावेत, अशी प्रथा सुरू झाली. १९२४ साली जॅकी कूगन या बालनटाला मदतीच्या मोहिमेचा अग्रणी करून निकट पूर्वेस नेण्यात आले. लेबनानमधील गझीर येथे सुमारे चारशे अनाथ मुलींनी विणलेला गालिचा १९२५ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आला.

या सर्वांत बोलके आहे ते अलेक्झांड्रोपोलचे एक छायाचित्र. मैदानात हजारो मुले अशा रीतीने बसविली आहेत की, त्यांच्या शरीरांनी इंग्रजी अक्षरे तयार व्हावीत. आणि त्या अक्षरांचा अर्थ असा की, 'अमेरिके, आम्ही तुझे आभार मानतो.' ही अक्षरे उंचावरून व दुरूनच वाचता येतात. त्या ओळीत बसलेल्या मुलाला ती दिसत नाहीत. आपण कोणत्या अक्षराचा कोणता भाग आहोत, हेही त्याला कळण्याचा संभव नाही.

अलेप्पोची नोंदवही आणि अलेक्झांड्रोपोलचे छायाचित्र हे दोन्ही एकाच कार्याचे अवशेष आहेत. एकात प्रत्येक मूल त्याच्या आईबापांच्या नावाने उभे आहे. दुसऱ्यात हजारो मुले मिळून दात्याचे नाव लिहीत आहेत. या दोहोंपैकी पहिले केवळ सत्य व दुसरे केवळ ढोंग, असा निकाल देणे अन्यायाचे होईल. छायाचित्रामुळे आलेल्या पैशानेच पुष्कळदा नोंदवहीतील मुलाची भाकरी भागली असेल. मात्र दोहोंची दिशा भिन्न आहे, हे दृष्टीआड करता येत नाही. नोंदवही मुलाचे तोंड त्याच्या घराकडे वळविते. छायाचित्र ते परदेशाकडे वळविते.

७

नीअर ईस्ट रिलीफच्या बाजूने एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. या संस्थेने आपले कार्य आरंभापासूनच तात्पुरते मानले होते. मुलांना सुतारकाम, चांभारकाम, विणकाम, शेती असे धंदे शिकवून, वय होताच बाहेर कामाला लावून, अनाथालये क्रमाक्रमाने रिकामी करण्यात आली. १९३० साली संस्थेने आपले रूप पालटले, आणि 'नीअर ईस्ट फाउंडेशन' या नावाने ग्रामशिक्षण व आरोग्य यांकडे ती वळली. आपली गरज संपावी हेच ज्या संस्थेचे उद्दिष्ट असते, तिच्या यशाची खूण म्हणजे तिचे बंद झालेले दरवाजे होत.

व्यक्तींच्या बाबतीत मात्र याच्या उलट म्हणावे लागते. तेथे टिकून राहण्यालाच मोल आहे. याकोब क्युन्स्लरने १९२२ साली उर्फा, खार्पुत, मार्दिन इत्यादी ठिकाणांहून सुमारे आठ हजार मुलांचे तांडे, काही गाढवांवर व पुष्कळसे पायी, सिरिया व लेबनानमध्ये सुरक्षित आणून पोहोचविले. पुढील वर्षी जंतुदोषामुळे त्याचा एक हात कापावा लागला. तरीही तो परतला नाही. १९४९ साली गझीर येथेच त्याने देह ठेवला. मरिया याकोबसेन १९१९ साली खार्पुत सोडून गेली होती; परंतु १९२२ साली ती लेबनानमध्ये पुन्हा आली, आणि प्राचीन बिब्लोस, म्हणजे आजचे जबैल, येथे तिने 'पक्ष्यांचे घरटे' या नावाचे अनाथालय चालविले. १९६० साली निधन पावल्यावर तिचे दफन त्याच आवारात झाले. मुले तिला 'मामा' म्हणत. वर्षा-दोन वर्षांनी परतणाऱ्या कितीही प्रेमळ माणसाला अशी हाक मारण्यात मुलाचेच नुकसान असते. कारण ज्याने आई एकदा गमावली आहे, त्याला ती पुन्हा गमवावी लागते. इंग्रज मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात बालकाच्या मातृवियोगाचे जे परिणाम वर्णिले, त्यांचा बोध मायरिगना व याकोबसेनसारख्यांना अनुभवाने आधीच झाला होता, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

८

येथे आपल्याकडील एका समकालीन उदाहरणाशी तुलना उद्बोधक ठरेल. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून निराधार मुली व स्त्रिया आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभारले. तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या कामाला अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथून पैसाही आला आणि स्वयंसेविकाही आल्या. त्यांपैकी मिनी अब्रॅम्स ही अमेरिकन स्त्री विशेष प्रसिद्ध आहे. परंतु येथे संस्थेची सूत्रे मराठी स्त्रीच्या हाती होती; परदेशी स्त्रिया तिच्या मार्गदर्शनाखाली काम करीत. रमाबाईंच्या धर्मविषयक धोरणावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली, आणि तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. येथे एवढेच पाहावयाचे की, परदेशी साहाय्य घेऊनही मुलींच्या भवितव्याचा निर्णय त्यांची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीने करावा, ही गोष्ट त्या काळीही शक्य होती. अलेक्झांड्रोपोलच्या मायरिगला हा अधिकार मिळाला नाही.

९

नीअर ईस्ट रिलीफच्या काळी मुले आधी होती आणि त्यांच्यासाठी अनाथालये निघाली. अलीकडे काही देशांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. कंबोडियामध्ये २००५ ते २०१० या काळात निवासी बालगृहांची संख्या सुमारे पाऊणपट वाढली. आणि युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या २०११ च्या पाहणीत असे आढळले की, त्या गृहांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आईबाप, निदान दोघांपैकी एक, हयात होते. देशातील अनाथांची संख्या तशी वाढलेली नव्हती. वाढली होती ती त्यांना भेटू इच्छिणाऱ्या परदेशी प्रवाशांची. ज्या मुलांची माणसे शोधण्यासाठी येप्पेने नोंदवही ठेवली, त्यांच्या जागी ज्यांची माणसे शेजारच्या गावातच आहेत अशी मुले अनाथ म्हणून दाखविली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने अशा प्रकारांचा मनुष्यव्यापार म्हणून विचार झाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ साली केलेल्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या या अनिष्ट अंगाकडे राष्ट्रांचे लक्ष वेधले.

यावरून परदेशी स्वयंसेवक हा सदैव अनिष्टच, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. क्युन्स्लर व येप्पे यांची चरित्रे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. त्यांच्या कार्यातून जी कसोटी हाती येते, ती अशी: सेवा करणाऱ्याने मुलाची भाषा शिकली काय, त्याच्या आईबापांचे नाव लिहून ठेवले काय, त्याच्या माणसांचा शोध घेतला काय, आणि स्थानिक मायरिगला आपल्या बरोबरीचे स्थान दिले काय. या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तेथे अनाथालय हे घराकडे जाण्याच्या वाटेवरील धर्मशाळा ठरले. ती नकारार्थी असतील तेथे मुलाला भाकर मिळाली, वस्त्र मिळाले, परंतु त्याच्या मोबदल्यात त्याला दुसऱ्याच्या कृतज्ञतालेखातील एक अक्षर व्हावे लागले.